डॉक्टरीणबाईंची मोटार

आमच्या बापाने मोटार घ्यायची ठरवली ती फुलांपायी. पंचवटीच्या पलीकडे, मखमलाबादच्या वाटेवर आमचा मळा होता. गुलाब, शेवंती, झेंडू, आणि वाफ्यांच्या कडेने मेथी-कोथिंबीर. निम्मी फुलं देवळांबाहेर बसणाऱ्या फुलवाल्या घ्यायच्या. निम्मी करंड्यांत भरून नाशिक रोडला, मुंबईच्या गाडीवर चढवायची. बैलगाडी स्टेशनावर पोचेपर्यंत उन्हाळ्यात गुलाब मान टाकायचे. एकदा करंड्या उतरवायच्या आतच गाडी सुटली. परतीच्या वाटेवर आबांनी बैलांना इतकं मारलं की पोळ्याला अंगावर रंग चढवताना मला ते वळ बोटाखाली लागत होते. पोळा झाला आणि त्यांनी ती जोडी विकून टाकली. घरात मोटेची दुसरी जोडी होती. तिच्यावर मळा भिजत होता.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. मूल होत नाही म्हणून नवऱ्याने आणून सोडलेली. आबा मला नावाने हाक मारत नसत. "ए परत आलेली, पाणी आण," असं म्हणत. आई मी लहान असतानाच गेली होती, त्यामुळे त्यांना आवरणारं घरात कुणी नव्हतं.

मोटार घ्यायची तर ती चालवणार कोण? तेव्हा त्यांना माझ्या भावाची आठवण झाली. भाऊ माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. ऐन हंगामात मळा सोडून तो आग्रा रोडच्या उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारींमागे फिरायचा, म्हणून आबांनी त्याचे कपडे पाटात फेकून त्याला घराबाहेर काढलं होतं. तो मालेगावला गेला, आधी क्लीनर झाला, मग ड्रायव्हर. दोन वर्षं बापाने त्याची चौकशी केली नाही. आता एका मोटारवाल्याबरोबर निरोप धाडला, "बाप बोलावतोय म्हणावं."

भाऊ दुसऱ्याच दिवशी आला. माझ्यासाठी मालेगावचं लुगडं, आबांसाठी धोतरजोडी. बापाने राग सोडला असंच त्याला वाटलं होतं. आबांनी धोतरजोडीकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "हात दाखव."

भावाने हात पुढे केले. काळे, तेलकट, बोटांना चरे पडलेले.

"मोटार चालवता येती का नुसती पुसता येती?"

"येती आबा."

"मग उद्या चल. पैसे माझे, बघायचं काम तुझं. फसलास तर घर विसर."

मलाही बरोबर घेतलं, ते मागच्या बाजूला करंड्या किती बसतात ते बघायला. डोक्यावर रिकामी करंडी घेऊन मी त्या दोघांच्या मागून चालत होते.

पहिली गाडी नाशिक रोडला एका मक्तेदाराची. रंग ताजा, पितळ चकचकीत, बघणाराचे डोळे दिपावेत अशी. आबा तिच्याभोवती दोनदा फिरले आणि खूश झाले. चारशेला देतो म्हणाला, आणि आबांकडे चारशेच होते. भावाने हँडल मारलं, गाडी चालू करून थोडी पुढे नेली, परत आणली आणि खाली शिरला. वर आला तेव्हा त्याच्या बोटांवर तेल होतं आणि तेलात लाकडाचा भुसा.

"आबा, गिअर झिजलेत. आवाज येऊ नये म्हणून आत भुसा भरलाय. चार महिन्यांत बसेल."

मक्तेदार हसला. "अरे, चारशेत काय महाराजांची गाडी मिळणार होती का? तुझ्या बापाच्या ऐपतीला भुसाच शोभतो."

 रस्ताभर आबांचा जबडा हलत होता. कुणी अपमान केला की ते तो गिळत, आणि नंतर दुसऱ्याच कुणाच्या तरी ताटात ओकत. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं.

दुसरी गाडी शरणपूरच्या रस्त्याला, एका डॉक्टरांच्या बंगल्यात. डॉक्टर त्या हिवाळ्यात फुप्फुसाच्या तापाने वारले होते. मागे तिशीतली बायको आणि दोन मुली. गाडी साधी, कापडी टपाची, रंग उडालेला. भावाने तिला हात लावला आणि त्याचा चेहराच बदलला. त्याने मला आणि करंडीला मागे बसवलं, आबांना शेजारी, आणि गंगापूरच्या वाटेने चढावर नेली. गिअर बदलताना तो क्लच दोनदा दाबायचा आणि डाव्या हाताने दांडा असा सरकवायचा की गाडीला ते कळूही नये. मी जन्मात पहिल्यांदा मोटारीत बसले होते. खरं सांगायचं तर मी गाडी बघितलीच नाही, भावाचा हात बघत राहिले. आमच्या घरात कुठल्याही वस्तूला इतक्या हळुवारपणे कुणी हात लावत नसे.

"हीच घ्यायची आबा," भाऊ म्हणाला. "डॉक्टरांनी जिवापाड सांभाळलीय."

बाई दारात उभ्या होत्या. कपाळ मोकळं, अंगावर फिकट लुगडं. म्हणाल्या, "सहाशे सांगितलेत. एक मास्तर पाचशेपर्यंत आलेत. तुम्ही काय देता माळीबुवा?"

आबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "बघतो बाईसाहेब. विचार करतो."

भावाला वाटलं, आबा कुठून तरी शंभर उभे करतील. मक्तेदाराने जे केलं होतं ते त्यांच्या पोटात तसंच होतं, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून आबा गावात जास्त वेळ घालवू लागले. न्हाव्याकडे बसत, तेलाच्या दुकानावर थांबत, देवळाच्या पायरीवर फुलवाल्यांशी बोलत. काय बोलत ते भावाला एका सायकलच्या दुकानात कळलं. दुकानदारच त्याला म्हणाला, "ती डॉक्टरची गाडी बघताय म्हणे? नका घेऊ. डॉक्टर तिच्यातच गेला. स्टिअरिंगच्या चाकावर डोकं ठेवून बसलेला सापडला. आणि साथीच्या दिवसांत मढी वाहायचा त्यात. एक बाळंतीण मागच्या गादीवरच मेली."

भाऊ तडक घरी आला. आबा खळ्यात झेंडू निवडत होते, मी शेजारी हार ओवत होते.

"आबा, हे तुम्ही उठवलंत?"

"काय?"

"डॉक्टर घरात मेले. खाटेवर. बाईंनी सांगितलं आपल्यासमोर."

"मेला का नाय?"

"मेले, पण..."

"मग झालं तर. कुठं का मरंना." आबांनी एक किडका झेंडू बाजूला टाकला. "तुला गाडी पायजे का बाईची अब्रू?"

भाऊ तिथेच उभा राहिला. मला वाटलं आता तो गाठोडं उचलेल आणि मालेगावची वाट धरेल. पण त्याला ती गाडी हवी होती. लोकांच्या मोटारी चालवून तो कंटाळला होता. तो गप्प बसला.

मास्तरांनी पाय मागे घेतला. दुसरं कुणी फिरकलंच नाही. महिना सरला आणि बाईंनी स्वतःहून निरोप पाठवला. आम्ही तिघं गेलो. बाई आणखी वाळल्या होत्या. म्हणाल्या, "चारशे द्या आणि घेऊन जा."

आबा म्हणाले, "अडीचशे."

"माळीबुवा, नुसत्या टायरांचे तेवढे होतील."

"होतील की. पण घेतंय कोण? लोक काय बोलतात ते बाईसाहेबांच्या कानावर आलंच असंल. मी तरी घेतोय. गरीब माणूस, मला शकुन-अपशकुन परवडत नाय."

बाईंनी आबांकडे नीट बघितलं. कळलं असावं त्यांना. पण कळून करणार काय? आतून धाकटी मुलगी खोकत होती.

"अडीचशेत घर किती दिवस चालणार?" त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या.

"चालंल की," आबा म्हणाले. "मागं खाणारं आता हाय कोण? दोन पोरी आणि तुम्ही. बाईमाणसाला असं लागतंय किती!"

त्यांनी नोटा पायरीवर ठेवल्या, हातात दिल्या नाहीत. बाईंना वाकून उचलाव्या लागल्या. ते बघू नये म्हणून भाऊ गाडीपुढे जाऊन हँडल मारू लागला.

पहिल्या दिवशी भावाने करंड्या भरल्या आणि फुलवाल्यांची फुलं द्यायला देवळापाशी गाडी उभी केली. एकही बाई पुढे आली नाही. त्यांच्यातली एक म्हातारी, जी मला कडेवर घेऊन वाढवल्याचं सांगायची, ती लांबूनच म्हणाली, "नको रे बाबा. बाळंतीण मेली त्या गादीवरची फुलं देवाला कशी वाहायची? तुझ्या बापानंच तर सांगितलं."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी आबा स्वतः गेले. फुलं धुऊन आणलीत म्हणाले, गोमूत्र शिंपडलंय म्हणाले. 'मी खोटं बोललो,' एवढं एकच वाक्य त्यांना वाचवू शकत होतं, आणि ते सोडून सगळं बोलून बघितलं. मुंबईचा माल जात राहिला, पण रोजचा पैसा देवळापाशीच मिळायचा. तो दुसऱ्या माळ्यांकडे वळला. घरी झेंडूचा ढीग सडू लागला. जनावरंही त्याला तोंड लावीनात.

मग एके सकाळी आबांनी भावाला गाडी बंगल्यावर घ्यायला लावली. मीही मागे बसले, कारण बसू नको असं कुणी म्हणालं नाही. फाटकाशी उतरताच आबा ओरडू लागले.

"बाई, बाहेर या! अपशकुनी गाडी गळ्यात मारलीत माझ्या! पैसे टाका परत!"

रस्त्यावरची माणसं थांबली. बाई बाहेर आल्या. आवाज न चढवता म्हणाल्या, "गाडी अपशकुनी आहे हे मला पहिल्यांदा तुमच्याकडूनच कळलं."

"सगळा गाव म्हणतोय!"

तेव्हा भाऊ म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "गाव नाय म्हणत, आबा. तुम्ही म्हणालात. गाडी स्वस्तात पडावी म्हणून तुम्ही उठवलंत हे. डॉक्टर घरात मेले."

गर्दीत कुणीतरी हसलं.

गाडी सुरू करायचं लोखंडी हँडल आबांच्या हाताशीच होतं. त्यांनी ते उचललं. भावाने डोक्यावर डावा हात धरला म्हणून डोकं वाचलं. मनगटाचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला, ओला फाटा मोडल्यासारखा. आबांनी पुन्हा हात उचलला, पण लोकांनी धरलं. त्यांनी धोतर सारखं केलं आणि चालत निघून गेले, मागे न बघता.

भाऊ मोडलेला हात मांडीवर धरून पायरीवर बसला होता. बाई आत गेल्या. डॉक्टरांच्या कपाटातल्या लाकडी पट्ट्या आणि बँडेज घेऊन आल्या. त्यांना ते काम येत होतं. मी त्याचा दंड धरला, त्यांनी हात ओढून सरळ केला. भाऊ गुरासारखा ओरडला. त्यांनी पट्ट्या बांधल्या, गाठ मारली, आणि मी पाया पडायला वाकले तर दोन पावलं मागे सरल्या.

"इस्पितळात न्या याला," त्या म्हणाल्या. "आणि पुन्हा या दारात तुमच्यापैकी कुणी यायचं नाही. तूही नाही आणि हाही नाही. यानं आज तोंड उघडलं. तेव्हा उघडलं असतं तर?"

भावाने मान खाली घातली. 

हात जुळला पण वाकडा जुळला. बोटं पुरती मिटेनात. गिअरचा दांडा त्या हाताने धरता येईना, आणि ड्रायव्हरचं काम गेलं ते कायमचं. आम्ही दोघं मालेगावला निघालो तेव्हा आबा वाफ्यात होते. मी म्हणाले, "जाते." ते म्हणाले, "जा. तुला कोण राहा म्हणतंय."

मालेगावात भाऊ एका मोटारअड्ड्यावर प्रवासी पुकारायला लागला. एकाच हाताने सामान टपावर चढवायचा. मी कापडाच्या व्यापाऱ्याकडे मागाच्या कांड्यांवर सूत भरायला जायचे. शेजारच्या मोमीन विणकरांच्या घरातल्या म्हाताऱ्या सासूबाई मला कांड्या भरायला शिकवायच्या आणि माझं चुकलं की कपाळावर टिचकी मारायच्या. त्या टिचकीत राग नसायचा. ते कळायला मला बरेच दिवस लागले.

आबांबद्दल नाशिकहून येणाऱ्यांकडून कळायचं. त्यांनी बंगल्यापासून गाडी बैलांनी ओढून आणली, तिचं इंजिन काढून विकलं, आणि सांगाड्याला मोटेचे बैल जुंपून त्यातून मेथी बाजारात नेऊ लागले. पोरं मागे पळायची आणि मढ्याची गाडी, मढ्याची गाडी म्हणून ओरडायची. आबा त्यांच्यावर आसूड उगारायचे.

काही वर्षांनी निरोप आला की आबांचं एक अंग लुळं पडलंय. भाऊ म्हणाला, "मी नाय जाणार." मी एकटी गेले. आबा खाटेवर होते, तोंड वाकडं झालेलं. मला बघून त्यांनी दाराकडे नजर लावली.

"तो?"

"नाही आला."

मग म्हणाले, "हात?"

"वाकडाच राहिला आबा."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं आता काहीतरी बोलतील, आणि मी वाकून कान जवळ नेला. शब्द जड, लाळेत भिजलेले, पण स्पष्ट होते.

"त्या बाईनं फसवलं आपल्याला," ते म्हणाले. "मेलेल्याची गाडी दिली."

त्यांचा त्यावर विश्वास बसला होता. मी त्यांचं तोंड पुसलं, कूस बदलून दिली, आणि बाहेर जाऊन ओट्यावर बसले. शेवंती फुलून गेली होती आणि कुणी तोडली नव्हती. दोन दिवसांनी ते गेले. तिरडीला लागली तेवढी फुलं मी मळ्यातूनच तोडली.