सासरे, सोफा आणि चिकूची काठी

माझा स्वभाव अजिबात जळका नाही. फक्त चिखल्याच्या माझ्या साडूंनी काही नवीन घेतलं, की मला दोन दिवस जेवण जात नाही.

यंदा त्यांनी पलंग होणारा सोफा घेतला. "काही नाही हो, जस्ट अनफोल्ड करायचं!" असं म्हणत त्यांनी पट्टा ओढला आणि सोफ्याचा पलंग झाला. सोफ्यापेक्षा मी त्या शब्दावरच जास्त जळलो! (आम्ही आयुष्यभर आपलं नुसतं 'उघडत' आलो.) त्यात सासरे चिकूच्या हंगामात महिनाभर राहायला येणार होते आणि बायको म्हणाली, "बाबा यंदा ताईकडेच राहतील. तिथे सोय आहे."

सोय? मी तडक चारोटीचा बाजार गाठला आणि दुकानातला सगळ्यात मोठा सोफा उचलून आणला. आमच्या खोलीचं माप घेतलं नाही, साडूंच्या सोफ्याचं मात्र तोंडपाठ होतं!

सासऱ्यांना स्टेशनवरूनच पळवलं. जेवणं झाली, ते आडवे व्हायला खोलीत गेले, दार लावून घेतलं. मी बाहेरून ऐटीत ओरडलो, "मामा, पट्टा ओढा! जस्ट अनफोल्ड!"

धाड्!

"जावईबापू, दार उघडत नाही!"

दार आत उघडणारं आणि पलंग थेट दाराला टेकलेला! "मामा, खाली उतरून मिटा तो!"

"उतरू कुठे? उडी मारून वर बसलो म्हणून वाचलो! खाली जमीनच उरली नाही!"

खिडकीला गज. या खटपटीत चहाची वेळ झाली. बायकोने वाडीतली चिकू काढायची काठी आणली, टोकाच्या जाळीत थर्मास ठेवला आणि दारावरच्या झरोक्यातून आत सोडला.

"पोचला!" आतून आवाज आला. "बिस्किटं?"

बिस्किटं गेली. मग चष्मा, पेपर, उशी. शेजारचे काका डोकावले, "काय हो, घरात चिकू लागले?"

"नाही, सासरे!"

बायकोने फोन उचलला. मी ओरडलो, "खबरदार साडूंना बोलावलंस तर!"

"मग बाबांना हंगामभर आतच ठेवताय?"

(मला चाललं असतं.)

साडू आले. बाहेरूनच म्हणाले, "मामा, खिडकीच्या कट्ट्यावर चढा आणि तिथून पट्टा ओढा." खट्! सोफा मिटला, दार उघडलं. सासरे उशी काखेत मारून बाहेर आले ते सरळ साडूंच्या गाडीत बसले! आणि काच खाली करून म्हणाले, "जावईबापू, ती काठी तेवढी द्या बरोबर. चहाची फार छान सोय होती तुमच्याकडे."

परवा माझीच काठी परत मागायला चिखल्याला गेलो. सासरे पलंगावर आडवे, आणि साडूंच्या हातात अ‍ॅल्युमिनियमची नवी कोरी काठी! "तुमची न्या की. ही बघा, जस्ट अनफोल्ड..." खटाखट काठी लांब झाली आणि ओट्यावरचा थर्मास अलगद सासऱ्यांच्या मांडीवर!

माझा स्वभाव जळका नाही, हे मी सांगितलंच. उद्या चारोटीला जातोय. त्यांच्यापेक्षा हातभर लांब मिळते का, बघतो.