इग्लूकाकांचे सभागृह

इग्लूकाका आमच्या मंडळाच्या कोणत्याही बैठकीला आले की आधी खुर्च्या हलवायचे, नमस्कार-चमत्कार नंतर. सिंगापुरात यिशुनमधल्या आमच्या ब्लॉकखालच्या मोकळ्या वॉइड डेकमध्ये आम्ही प्लॅस्टिकच्या खुर्च्या शिस्तीत ओळींनी मांडलेल्या असत. ते एकेक खुर्ची उचलून गोलात ठेवीत आणि शेवटी जी उरेल तिच्यावर स्वतः बसत. "काका, मग अध्यक्षांनी बसायचं कुठं?" असे मी एकदा जरा खोचकपणे विचारले, कारण अध्यक्ष मीच होतो. ते म्हणाले, "जागा मिळेल तिथं. बसमध्ये नाही का बसत?"

दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली ही हकीकत आहे. काकांविषयी आज सिंगापुरात जे सांगितले जाते त्यातले निम्मे चुकीचे आहे, आणि ज्यांनी ते पसरवले त्यांतले बहुतेक तेव्हा येथे नव्हते. मी होतो. कॅनडाच्या उत्तर टोकाला, इन्युइट लोकांच्या नुनावुत या प्रदेशात जे विधानभवन आहे, ते काकांनी बांधले, असे लोक सांगतात. साफ खोटे. गोठलेल्या जमिनीत इमारतींचे पाये कसे टिकतात, याचे काका संशोधक. तिथल्या एका गोदामाचे खांब तपासायला ते गेले, हवा बिघडली, विमान दोन दिवस सुटले नाही, आणि ते दोन दिवस त्यांनी विधानभवनाच्या प्रेक्षकांच्या बाकावर काढले. एवढाच त्यांचा संबंध. बांधणारे दुसरे, काकांनी ते फक्त पाहिले. मात्र बांधणाऱ्यांनीही ते इतके निरखून पाहिले नसेल.

हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या टपऱ्यांवर कॉफीचा कप पुढ्यात आला की त्यांचे वर्णन सुरू होई; इग्लूकाका हे नाव त्यांना त्यावरूनच पडले. "बाहेरून काही भव्य नाही हो, मेश्राम. पण आत सभागृह गोल. आसनांवर सीलचं कातडं. पक्षच नाहीत, त्यामुळे कोण कोणाच्या समोर बसणार? म्हातारी माणसं आपल्या भाषेत बोलतात, आणि ज्याला ती कळत नाही तो कानाला भाषांतराचं यंत्र लावतो." येथे ते थांबत आणि बोट वर करून म्हणत, "यंत्र त्यानं लावायचं, बरं का."

मी एकदा म्हटले, "एवढ्याशा वस्तीला स्वतंत्र विधानभवन कशाला हवं?" त्यावर ते चिडले नाहीत, फार सावकाश बोलले. "कुठं राहायचं, मुलांनी काय शिकायचं, सगळं त्यांच्यासाठी दूरच्या राजधानीत ठरायचं. आता त्या घरात ठरतं. चुकलं तरी त्यांचंच चुकतं. ही चैन तुम्हाला लहान वाटते?"

त्या गोल सभागृहाचा आम्हाला त्रासही पुष्कळ झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. काका मतदान होऊ देत नसत. गोलात बसलेल्या सगळ्यांचे बोलून होईपर्यंत आणि विरोध करणारा मनापासून वळेपर्यंत निर्णय नाही. पुलाउ उबीन बेटावरच्या सहलीला पुऱ्या न्यायच्या की इडल्या, यावर तीन रविवार गेले. माझी मुलगी कंटाळून म्हणाली, "अंकल, जस्ट व्होट लाह." काका म्हणाले, "व्होट झालं की हरलेला माणूस इडली खाताना तोंड वाकडं करतो." शेवटी दोन्ही नेले.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. आमचे रविवारचे मंडळ बावीस बौद्ध कुटुंबांचे. बहुतेक इंजिनिअर, काही संशोधक. शहरातल्या एका मोठ्या मराठी संस्थेने आम्हाला सामावून घ्यायची तयारी दाखवली. वातानुकूलित सभागृह मिळणार होते, स्वयंपाकघर मिळणार होते. अट इतकीच की एप्रिलमधली आमची जयंती त्यांच्या वार्षिक कार्यक्रमात बसवायची. तारीख आणि वक्ते त्यांची समिती ठरवणार. लोक सांगतात की आमचे सगळ्यांचे एकमत झाले होते आणि काकांनी हट्टाने मतदान अडवून मंडळ फोडले. हे सांगणाऱ्यांना मी तोंडावर खोटे ठरवले आहे, आणि आता लिहूनही ठरवतो. विलीनीकरणाचा प्रस्ताव माझा होता. सतरा घरे माझ्या बाजूने आहेत, हे मी फोन करून आधीच पक्के केले होते. या वेळी काकांनी मतदान अडवले नाही. ते एवढेच म्हणाले, "मेश्राम, हात वर करण्याआधी एक फेरी बोलून घेऊ. मराठीत."

तोवर आमच्या बैठका बहुतांशी इंग्रजीत चालत. त्यामुळे वानखेडेताई कधीच बोलल्या नव्हत्या. भंडाऱ्याच्या, नवरा एका कारखान्यात इंजिनिअर, स्वतः गोलाबाहेर मागे बसून मुले सांभाळीत. त्या दिवशी काकांनी त्यांचीही खुर्ची गोलात ओढली, आणि त्या नेमक्या माझ्या शेजारी आल्या. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी माझ्याकडेच पाहिले.

"भाऊ, माझ्या आजीच्या गावात जयंतीची मिरवणूक कोणत्या रस्त्यानं न्यायची, हे पाटील सांगायचे. आजी म्हणायची, रस्ता चांगलाच असायचा, पण सांगायचे ते. इथले लोक चांगले आहेत, मला माहीत आहे. पण तारीख आपण त्यांना का विचारायची?"

काका खाली मान घालून बसले होते. पुढच्या माणसाची पाळी आली, तो म्हणाला, "मला ताईंचं पटतं." हा माझ्या सतरांतला होता. फेरी पुरी व्हायच्या आत मी उभा राहिलो आणि प्रस्ताव मागे घेतला. मला कोणी हरवले नाही. मला पटले. या दोहोंतला फरक ज्यांना कळत नाही, तेच मंडळ फुटल्याच्या गोष्टी सांगतात. बावीसपैकी एकही घर गेले नाही.

त्या वर्षअखेरीस काकांचे संशोधनाचे कंत्राट संपले आणि ते नागपूरला परतले. पुढचा अध्यक्ष त्यांनी सुचवावा, असे आम्ही विमानतळावर म्हटले. "मी सुचवायचं म्हणजे पुन्हा दुरून ठरलं," एवढे बोलून त्यांनी बॅग उचलली.

एप्रिलमध्ये वुडलँड्सला एक साधी खोली भाड्याने घेऊन आम्ही जयंती केली, आम्ही ठरवलेल्या तारखेला. प्रमुख भाषण मी करावे, अशी माझी इच्छा होती. मी ती बैठकीत सविस्तर मांडली. सगळ्यांनी ऐकून घेतली आणि भाषण वानखेडेताईंना दिले. मला दारात उभे राहून येणाऱ्यांच्या चपला नीट लावून घेण्याचे काम मिळाले. ते मी उत्तम केले.

दुसऱ्या दिवशी नागपूरहून काकांचा फोन आला. "कोण बोललं?"

"वानखेडेताई."

"तुम्ही मागितलं होतं का?"

"मागितलं होतं. दिलं नाही."

पलीकडे ते बराच वेळ हसत राहिले, आणि मीही फोन ठेवला नाही.