खाडीतलं डबडं

किस्से मी जमा करत नाही. कपाटामागे धूळ जमते तसे ते आपोआप जमतात, आणि कोणी कपाट सरकवलं की दिसतात. नागपुरात असलो की सकाळी फिरून आल्यावर आम्ही चार-पाच म्हातारे बागेतल्या बाकावर बसतो. कोणीतरी म्हणतंच, "भाऊ, होऊन जाऊ द्या एखादा समुद्रावरचा!"

मी हळू बोलतो. माझा एक किस्सा संपेपर्यंत मंडळींचा चहा दोनदा होतो. म्हणून या वेळी लिहूनच काढले. सातवीपर्यंत शिकलो आहे, तेवढं सांभाळून घ्या.

मी मूळचा खाप्याचा, कन्हान नदीच्या काठचा. सगळी नोकरी खापरखेड्याच्या वीजघरात फिटर म्हणून झाली. तिथे माझ्यासोबत दत्ताराम नावाचा कोकणातला माणूस होता. रिटायर झाल्यावर तो गावी गेला आणि एक दिवस त्याचा फोन आला. "भाऊ, काकांचा जुना मचवा खाडीत पडून आहे. इंजिन मेलंय. चालू केलंस तर तुझा!"

मचवा म्हणजे लाकडी होडीच, पण इंजिनवाली. मी गेलो, दीड महिना राबलो, इंजिन धडधडलं. वर प्लायवूडची खोली बांधली. आत एक पलंग, एक गॅस, देवाचा एक फोटो. तेव्हापासून चार वर्षं झाली. दिवाळीनंतर मी आणि माझी बायको कमल तिकडे जातो, किनाऱ्या-किनाऱ्यानं या खाडीतून त्या खाडीत फिरतो, आणि पावसाआधी मचवा वर ओढून, नारळाच्या झापांनी झाकून नागपुरात परत.

मला त्या पाण्यावर सुख वाटतं. कमलला वाटतं की नाही, हे मात्र मला चार वर्षांत कळलं नव्हतं. ती सोबत यायची, स्वयंपाक करायची, आणि मचव्याला म्हणायची, "तुमचं डबडं".

*

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. दुपारी बाराला मचवा धक्क्याला लावला. खाप्याला नदीकाठी डोंगा बांधतात तसा दोर आखूड घेतला, दोन गाठी मारल्या, ओढून पाहिला. एकदम पक्का! कमल वरणाला फोडणी देत होती. मी भाजी आणायला बाजारात गेलो.

चार वाजता परत येतो तर खाडीतलं पाणी कुठंच नाही. नुसता चिखल. आणि आमचा मचवा दोराला एका अंगानं टांगलेला, तिरपा!

धावत आत गेलो. कमल पलंगाची कड धरून डोळे मिटून पडलेली.

"काय झालं वं?"

"माय वं, लय चक्कर येऊन राहिली. बीपीची गोळी घेतली तरी सगळं वाकडंच दिसते!"

"अवं, डोळे उघड. खरंच वाकडं आहे."

तिनं डोळे उघडले, भिंतीला टेकलेलं वरणाचं पातेलं पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "मंग गोळी तुम्ही घ्यायले पायजे होती!"

*

भरती-ओहोटी म्हणजे काय ते मग दत्तारामनं समजावलं. "सोपं आहे भाऊ. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन. तीन वाजता पूर्ण भरती."

सोपं त्याला. पाऊणकीचा पाढा मला शाळेतही आला नाही, मास्तरांच्या छड्या आल्या. कमल चौथी पास, पण पाऊणकी तिला तोंडपाठ. आणि तिथी? उपवास करणाऱ्या बाईला तिथी काय विचारता!

दुसऱ्या वर्षापासून तर शेजारच्या होड्यांवरून हाक यायची, "काकू, आज किती?"

आतून भाकर थापता थापता उत्तर, "नवमी! पावणेसात!"

एकदा धक्क्यावरच्या एका नव्या मुकादमानं मोबाइल काढून दाखवलं. त्यात वेळ पंधरा मिनिटं वेगळी होती. कमलनं मान वळवूनही पाहिलं नाही.

"त्याले पाऊणकी येत नसंन!"

*

नागपूरचा माणूस चैत्र लागला की कूलर शोधतो. मी तर दिवाळीनंतर निघतानाच तयारी केली. नागपुरातल्या बर्डीच्या बाजारातून एक छोटा पंखा घेतला, वाळ्याच्या ताट्या घेतल्या आणि त्या गुंडाळ्या रेल्वेनं कोकणात नेल्या. फिटरच मी! प्लॅस्टिकचा ड्रम कापला, बॅटरीवर पंखा बसवला, ताट्या भिजवल्या आणि चैत्रातल्या एका दुपारी ऐटीत कूलर सुरू केला.

थंड काही झालं नाही. संध्याकाळपर्यंत मिठाचं पाणी झालं, पापड रुमालासारखे लोंबले, आगपेटीतली एकही काडी पेटेना, आणि आम्ही दोघं धुतलेल्या कपड्यांसारखे ओले. दत्ताराम आला, दारातच थबकला. "अरे भाऊ, इथल्या हवेत आधीच इतकं पाणी आहे. तू आणखी कुठे घालतोस?"

कमलनं पंख्याची वायर काढली. "समुद्र बाहेर होता तो बरा होता. काहून त्याले आत आणून राहिले?"

*

कुठल्याही नव्या खाडीत गेलो की पहिली अडचण गोड्या पाण्याची. पण चार वर्षांत आम्हाला पाणी मागावं लागलं नाही. मचवा लागला की कोणीतरी बाई धक्क्यावर हंडा, कळशी घेऊन उभी. "काकू, पाणी आहे का?"

कमलचा नियम असा की कोणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही. एका बाईची कळशी परत करताना तिनं त्यात भिवापुरी मिरचीच्या ठेच्याची वाटी ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाई पुन्हा धक्क्यावर. तोंड गंभीर. मला वाटलं, झालं, कोणाचं तरी पोट बिघडलं.

"काकू, काल त्यात काय होतं? आमच्या ह्यांनी अख्खा माठ पाणी प्यायलं. डोळ्यांतून धारा! घरात नुसते नाचत होते!"

कमल घाबरली. "माफ करजो बाई, आमच्याकडं असंच..."

बाईनं पदराखालून वाटी काढली. तीच, धुतलेली. "आणखी द्या म्हणालेत."

*

गेल्या माघात एका अनोळखी गावाजवळ कमलला ताप भरला. चांगलाच भरला. मला काही सुचेना. मी मचव्याच्या टोकावर जाऊन नुसता उभा राहिलो. जाळी शिवणाऱ्या दोन बायांनी माझं तोंड पाहिलं आणि विचारलंही नाही. सरळ आत आल्या, कमलला उठवून आपल्या घरी घेऊन गेल्या. एकीनं डॉक्टर आणला. एकीनं पेज केली. शेजारच्या आणखी बाया जमल्या, त्या आळीपाळीनं पट्ट्या ठेवत होत्या. मला तर कोणी काम करू दिलं नाही. "काका, तुम्ही बसा. तुम्ही मध्ये आलात की आम्हाला उशीर होतो!"

चौथ्या दिवशी ताप उतरला. कमलनं डोळे उघडून पहिलं विचारलं, "या सगळ्या बायांची नावं काय?"

मला एकीचंही ठाऊक नव्हतं.

"तीन दिवस यांच्या घरचं जेवले आन् नाव नाई विचारलं? आता मी देवापुढं कोनाचं नाव घेऊ?"

मी तसाच उठलो आणि घरोघरी नावं विचारून आलो. अकरा निघाली. कमल अजून रोज सकाळी दिवा लावताना अकराही नावं घेते. मी मागे बसून मोजतो, एकही चुकत नाही.

*

या तापाची बातमी नागपुरात आमच्या मुलाला, विनोदला कळली. तो फोनवर ओरडला नाही, तेच जास्त लागलं. "बाबा, तुम्हाले पाण्याचा शौक आहे, ठीक आहे. पण आईले काहून फरफटून राहिले? तिनं कधी म्हटलं का, मले आवडते म्हणून?"

तिनं कधीच म्हटलं नव्हतं. मी दोन दिवस विचार केला. तिच्या सुखाचं मला खात्रीनं एकही वाक्य आठवेना. दत्तारामला सांगितलं, "गिऱ्हाईक पाहा. विकून टाकू."

कमलला सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि भांडी घासायला बसली.

गिऱ्हाईक आलं. पांढरा शर्ट, गळ्यात काळा चष्मा. पर्यटकांना खाडीत फिरवायला त्याला मचवा हवा होता. इंजिन पहिल्या फटक्याला सुरू झालं. त्यानं फळ्या ठोकून पाहिल्या, खूश झाला. "काका, बोट एक नंबर ठेवलीय!"

मला त्याच्याकडे पाहवेना. मी दोराशी चाळा करत बसलो.

जाता जाता त्यानं सहज कमलला विचारलं. ती मेथी निवडत होती. "काकू, तुम्ही चार वर्षं राहिलात. काही त्रास?"

"तरास?" कमलनं गड्डी खाली ठेवली. "बसा, सांगतो."

तो बसला.

"तळातून पानी येते. रोज सकाळी चार बादल्या उपसा लागते. इंजिन आज सुरू झालं, ते तुमचं नशीब. उंदीर तर असे हायेत, का मांजर भेते. आन् समोरची फळी पाहा, तिथं पाय ठेवू नका, एक माणूस गेला होता खाली."

माणूस फळीवरून हळूच बाजूला सरकला. मग माझ्याकडे वळला. "काका, खरं आहे का हे?"

मी आयुष्यात खोटं फार बोललो नाही. पण मी बोलायला वेळ लावतो, हे एक बरं आहे. मी तोंड उघडेपर्यंत तो धक्क्यावर पोचला होता.

त्याची मोटारसायकल दिसेनाशी झाली. मी कमलजवळ जाऊन बसलो. तिनं पुन्हा मेथी हातात घेतली होती.

"अवं, तळातून कुठं पाणी येते? आन् कोण माणूस गेला खाली?"

तिनं मान वर केली नाही.

"त्याले नाई द्याचं. पाय न पुसता घरात आला तो."