भाऊ रोज तीन वाजता पडायचे

लग्नात मी लाईट धरायचे. हसू नका, खरंच तेच माझं काम होतं. गिरणी बंद पडल्यावर आमच्या ह्यांनी दुबईहून आलेल्या एका नातेवाइकाकडून व्हिडिओ कॅमेरा मिळवला आणि घाटकोपरच्या डोंगरावरच्या आमच्या खोलीच्या दारावर पाटी लागली, लग्न, मुंज, बारशाचं शूटिंग करून मिळेल. कॅमेऱ्याबरोबर लाईट धरायला एक माणूस लागतो. बाहेरचा पुरुष नवरीच्या खोलीत शिरला की बायका अंग चोरत बसायच्या, म्हणून मीच उभी राहायला लागले. ती लाईट म्हणजे धूड होतं नुसतं. दहा मिनिटांत माझा हात भरून यायचा आणि समोरच्याच्या कपाळावर घाम फुटायचा. ह्यांनी मला दोनच गोष्टी शिकवल्या होत्या. चेहरा सोडायचा नाही, आणि मी सांगितल्याशिवाय बंद करायची नाही.

माणसांनाही तोवर वळण लागलं होतं. लाईट लागली की गर्दी आपोआप बाजूला व्हायची. अक्षता टाकायला आलेली म्हातारीसुद्धा हात तसाच वर ठेवून वाट सोडायची. मला त्याचा केवढा रुबाब वाटायचा, खोटं कशाला बोलू.

भाऊ आमच्या भागाचे नगरसेवक. मूळचे मालवणकडचे, गिरणीतून वर आलेले. डोंगरावर नळ त्यांनी आणला. त्याआधी आम्ही बायका हंडे घेऊन खालच्या रस्त्यापर्यंत उतरायचो आणि भरलेले हंडे घेऊन चढायचो, त्यामुळे भाऊ म्हणजे काय हे आम्हाला कोणी शिकवायला नको. त्यांना साठ पूर्ण झाली तेव्हा मंडळाने शाळेच्या हॉलमध्ये सत्कार ठेवला आणि शूटिंग आम्हाला दिलं. हॉलमध्ये अंधारच होता दिवसाढवळ्या, म्हणून मी लाईट घेऊन अगदी स्टेजला खेटून उभी.

शाल झाली, नारळ झाला, हार तर इतके की भाऊंची हनुवटी दिसेना. मग ते उत्तराचं भाषण करायला उठले. नळाची गोष्ट सांगितली, लोक हसले. मग म्हणाले, "पाणी तुमच्या दारात आणलं, आता राहिला तो रस्ता." आणि खुर्चीला धरायला गेले ते खुर्चीसकट खाली आले.

लोक धावले, अगदी गराडा पडला. आणि माझी लाईट वळली तसे तेच लोक दोन्ही बाजूंना सरकले. सवयीने! एकजण तर मागच्यांना म्हणाला, सरका रे, शूटिंग चालू आहे. मी लाईट बंद केली असती तर ती गर्दी त्यांच्यावर ओणवी झाली असती, ते झाकले गेले असते, काही दिसलंच नसतं. पण मला कोणी बंद कर म्हणालं नाही, आणि मी चेहरा सोडला नाही.

भाऊंच्या तोंडातून दातांची कवळी निसटली होती. त्यांना कवळी आहे हे डोंगरावर कोणालाच ठाऊक नव्हतं. कोणीतरी ती उचलली आणि कुठे ठेवावी ते न कळून हातात धरून उभा राहिला. भाऊंचं तोंड आत गेलं, गाल बसले, एका क्षणात तो माणूस नव्वद वर्षांचा दिसायला लागला. डोळे उघडे होते. माझ्या लाईटमुळे ते मिटत आणि पुन्हा उघडत होते. डॉक्टर आले तोवर जीव गेला होता, आणि उचलून बाहेर नेईपर्यंत सगळं टेपवर आलं.

घरी येऊन मी लाईट जागेवर टेकवली. सकाळी हे म्हणाले, ते पडल्यानंतरचं पुसून मग कॅसेट देऊ या का? आणि मी शहाणी म्हणाले, "आपण कोण पुसणारे? पार्टीची कॅसेट पार्टीला." पार्टी म्हणजे काम देणारे, आमच्या धंद्याचा तोच नियम होता. नवरदेवाच्या मामाने मांडवात तमाशा केला तरी आम्ही कापायचो नाही, जसंच्या तसं द्यायचो. मंडळाचे चिटणीस आले आणि मी माझ्या हाताने कॅसेट त्यांना दिली.

शोकसभेत टीव्ही आणून ती लावली. लोक ढसाढसा रडले. मग चिटणीस ह्यांना म्हणाले, 'अखेरचे क्षण' असं नाव टाकून, सनई वगैरे घालून छोटं बनवून द्या. ह्यांनी बनवलं. ते केबलवाल्याच्या हाती लागलं. तेव्हा केबल म्हणजे काय, एक पोरगेला माणूस आपल्या खोलीत व्हीसीआर लावायचा आणि छपरांवरून वायरी टाकून घरोघरी पिक्चर दाखवायचा. दुपारच्या पिक्चरच्या आधी, तीन वाजता, तो भाऊंची कॅसेट लावायला लागला. श्रद्धांजली म्हणून. पहिल्या दिवशी बायका बघून उठल्या आणि आंघोळी करून आल्या, मयताला जाऊन आल्यासारख्या. चौथ्या दिवसापासून आंघोळी बंद झाल्या. तांदूळ निवडता निवडता बघायच्या.

आणि मी? मला शेजारणी सांगायच्या, काय झकास आलंय गं, सगळं कसं स्वच्छ दिसतं. मी चहा ठेवायचे त्यांच्यासाठी. आज हे लिहिताना स्वतःचीच लाज वाटते, पण त्या वेळी मला बरं वाटलं होतं. ह्यांना मात्र चैन पडेना. मी त्यांना समजावलं, अहो, सरकारी टीव्हीवर मोठमोठ्या पुढाऱ्यांना दिवसभर निजवून दाखवतात, आपण सगळे बसून बघतोच ना? हे म्हणाले, ते मेल्यानंतर दाखवतात, फुलांत झाकून. मरताना नाही दाखवत. मी चिडून भांडी आपटली.

तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊंच्या बायको आमच्या दारात उभ्या. आम्ही सगळे त्यांना वहिनी म्हणायचो. एकट्याच चढून आल्या होत्या. पाणी दिलं ते तसंच ठेवून त्या सांगायला लागल्या. त्यांच्या घरी केबल नव्हती, पण शेजारी होती. रोज तीनला भिंतीपलीकडून भाऊंचा आवाज येतो, म्हणाल्या. नळाची गोष्ट येते, लोक हसतात, रस्त्याचं वाक्य येतं आणि मग खुर्ची पडते. काल गल्लीत मुलं खेळत होती, त्यातला एक ओठ आत ओढून पडला आणि बाकीचे हसले. तेव्हा त्यांना कळलं की कवळीचं सगळ्या डोंगराला कळलंय.

"बारा वर्षं कवळी होती," वहिनी म्हणाल्या. "सुनेसमोर कधी काढली नाही त्यांनी. माझ्यासमोरसुद्धा पाठ करून धुवायचे. ते पुसून टाका, एवढंच मागते."

ह्यांनी तडक चप्पल घातली. मी वहिनींपाशी बसले. तासाभरात हे परत आले, तोंड पाहिल्यावरच मला कळलं. चिटणिसांनी मूळ कॅसेट लगेच काढून दिली होती, खुशाल न्या, माझ्याकडे कॉपी आहे म्हणाले. केबलवाला म्हणाला, भाऊ काय एकट्या वहिनींचे होते का, पब्लिकचे होते, आणि मी बंद केलं तर दुसरा लावेल. त्याने एक कॉपी मुलुंडच्या केबलवाल्याला दिली होती, एक जोगेश्वरीला. एक तर कोणीतरी एसटीतून गावी पाठवलेली, भाऊंच्याच गावी. त्या कॉप्यांच्या कॉप्या किती निघाल्या, ते देवालाही सांगता येणार नाही. आमची वाट लागली होती. तळपाय पोळत असताना उभं राहावं तसे हे दारात उभे होते, हातात ती एकच कॅसेट.

ही तरी पुसतो, हे म्हणाले. पण वहिनी म्हणाल्या, थांबा. आधी मला दाखवा.

सत्काराच्या वेळी त्या घरी होत्या, भाऊंसाठी घावणे घालत. कोणी बोलवायला आलं तोवर सगळं आटपलं होतं, आणि भाऊंना घरी आणलं तेव्हा कवळी पुन्हा बसवलेली होती. अख्ख्या डोंगराने भाऊंना मरताना पाहिलं होतं, फक्त त्यांच्या बायकोने नाही.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं.  त्यांनी कॅसेट लावली. वहिनी टीव्हीच्या अगदी जवळ बसल्या, पदर तोंडाशी धरून. रडल्या नाहीत. भाऊंचे डोळे मिटू उघडू लागले तेव्हा त्यांनी हात पुढे केला आणि पडद्यावर भाऊंच्या कपाळाच्या वर आडवा धरला, उन्हात धरतात तसा.

"हा उजेड कोणी धरला होता?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, मी.

त्या माझ्याकडे वळल्या. रागावल्या असत्या, हात उगारला असता तरी मला चाललं असतं.

"जरा खाली धरायचा होतास गो, बाय," त्या म्हणाल्या. "त्यांना उजेड सोसत नव्हता."

 ह्यांनी भाऊ पडतात तिथपर्यंत कॅसेट मागे घेतली, ती कॅमेऱ्यात घालून त्याच्या तोंडावर झाकण बसवलं आणि नुसता अंधार रेकॉर्ड करायला लावला. टेप पुसायची आमची तीच रीत होती. जेवढं शूटिंग तेवढाच वेळ पुसायला लागायचा, घाई करता यायची नाही. भाऊ पडल्यापासून उचलून नेईपर्यंत अर्धा तास होता, म्हणून आम्ही तिघं त्या काळ्या पडद्यासमोर बसून राहिलो. वहिनींना तो पूर्ण होईपर्यंत उठायचं नव्हतं.

आणि शेजारच्या खोलीत तीन वाजले. आधी सनई आली, आमच्याच ह्यांनी घातलेली. मग भिंतीपलीकडून भाऊंचा आवाज आला, स्वच्छ. नळाची गोष्ट आली. लोक हसले. हे उठायला गेले, पण वहिनींनी मानेनेच नको म्हटलं. त्यांचे ओठ हलत होते. पुढचं वाक्य त्या भाऊंच्या बरोबरीनं म्हणत होत्या, आणि आम्ही खुर्ची पडायची वाट बघत होतो.