झोपडीत बसायचं काम

"मम्मी, ही खरी आहे?"

"खरीच आहे. हात लावून बघ."

त्या लहान मुलीने माझ्या गालाला बोट लावलं. आधी हळूच, मग दाबून. मी हलले नाही. हलायचं नाही असं सांगितलेलं होतं. तिची आई मोबाईल आडवा धरून हसत होती. "बघ, काही करत नाही ती." गोठ्यातल्या गाईबद्दल सांगावं तसं. मुलीने आईस्क्रीम खाल्लं होतं. ते माझ्या गालाला चिकटून राहिलं.

मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. विषय इतिहास.

आमचं गाव गिरडच्या डोंगरापलीकडे. आम्ही गोंड. आई-बाबा दुसऱ्याच्या वावरात मजुरीला जातात. समुद्रपूरच्या रस्त्यावर एका संस्थेने जुन्या वस्तूंचं संग्रहालय काढलं. पुढच्या इमारतीत तलवारी, नाणी, तांब्याची भांडी. मागच्या अंगणात एक झोपडी आणि तिच्यावर पाटी, 'आदिम जीवन'. लोक सकाळी पवनारचा आश्रम बघायचे, दुपारी गिरडच्या टेकडीवर दर्ग्याला जायचे आणि परत जाताना आमच्याकडे यायचे. म्हणजे आम्हाला बघायला.

झोपडीत आम्ही दोघी. मी आणि माझी आत्या. शनिवार, रविवार. आत्या जातं फिरवायची. त्यात दाणे नसायचे. नुसता दगडावर दगड. मी चुलीपुढे. चुलीत विस्तव नाही, लाल बल्ब.

पहिल्या दिवशी तिथल्या मॅडमनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. नाराज झाल्या. "हिला गोंदणच नाही." मग काळा पेन घेऊन स्वतःच माझ्या हनुवटीवर ठिपके काढले. लुगडं गुडघ्यापर्यंत वर खोचायला लावलं. केसात मोराचं पीस. आमच्या घरातल्या कुठल्या बाईने डोक्यात पीस खोचलेलं मी पाहिलं नव्हतं. तसं म्हणाले. मॅडम म्हणाल्या, "लोकांना तसंच बघायची सवय आहे."

आणि जाता जाता म्हणाल्या, "मराठी बोलायचं नाही. तुमच्या भाषेत बोला. कुणी मराठीत काही विचारलं तर नुसतं हसायचं."

मला गोंडी येत नव्हती.

आई शाळेत असताना गोंडीत बोललं की हातावर छडी बसायची. आईने ठरवलं, पोरीच्या हातावर वळ नको. माझ्याशी ती गोंडीतला एक शब्द बोलली नाही. आधी मारून मारून भाषा काढून घेतली. आता म्हणतात, तीच बोलून दाखवा. मी आत्याकडून चार शब्द उचलले आणि तेच उलटसुलट पुटपुटत बसायची. लोक म्हणायचे, "किती गोड भाषा!"

आणखीही म्हणायचे. आमच्या तोंडावर. आम्हाला कळत नाही असं धरून. "वास येत नाही गं यांचा, मला वाटलं येईल." "हे उंदीर खातात ना?" "सरकार सगळं फुकट देतं यांना." मी हसायची. घरी गेल्यावर जबडा दुखायचा.

आत्याला एकदा विचारलं, "तुले राग नाई येत?"

ती जातं फिरवत म्हणाली, "उन्हात निंदाले जाण्यापरीस सावलीत बसनं बरं. पाहू दे त्यायले. पाहून काय झिजते आपलं?"

मग आमच्या इतिहास विभागाची सहल निघाली. जिल्ह्यातली ऐतिहासिक स्थळं. नेमका रविवार. मी वर्गात सांगितलं, ताप आहे. सहलीचा शेवटचा थांबा कुठे आहे, ते मला ठाऊक नव्हतं.

ऊन उतरता उतरता झोपडीच्या दारात आमचे सर उभे राहिले. मागे सगळा वर्ग.

वाटलं, आता ओळखतील. सरांनी माझ्याकडे पाहिलं. ओझरतं नाही, चष्मा वर करून नीट पाहिलं. ओळखलं नाही. मागच्याच महिन्यात माझ्या निबंधाचं त्यांनी वर्गात कौतुक केलं होतं. तेच तोंड होतं माझं. वर फक्त पेनाचे ठिपके.

सर मुलांना सांगू लागले, "बघा, हे लोक जिथल्या तिथे थांबले. यांना इतिहास नाही."

मुलं फोटो काढत होती. माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण पुढेच होती. तिने ओळखलं. तिचे डोळे मोठे झाले. मग तिने मोबाईल पर्समध्ये टाकला आणि दुसरीकडे बघू लागली.

एका मुलाने विचारलं, "सर, यांना काही विचारू?"

"काय उपयोग? यांना आपली भाषा कळत नाही."

आपली.

मी उठले. पीस काढून चुलीत टाकलं. लुगडं खाली सोडलं, पाय झाकले.

"सर, मी तुमच्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसते."

जातं थांबलं. कुणीतरी हसलं, तेही थांबलं. सरांचे ओठ हलत होते. माझं नाव शोधत होते. सापडलं नाही.

"अगं, तू इथे काय करतेस?"

"तुम्ही जिला बघायला आलात, तीच आहे मी. मराठी कळते मला. इथे बसून आजवर सगळं कळत होतं."

मॅडम धावत आल्या. "माफ करा हं सर, नवीन आहे ही." माफी सरांची. मग माझ्याकडे वळल्या, "उद्यापासून येऊ नकोस."

"आजपासूनच," मी म्हणाले आणि निघाले.

आत्या माझ्यामागे उठली नाही. अंधार पडल्यावर घरी आली ती ओरडतच. "काऊन व बोलली तू? आता माह्यं बी काम जाईन. तू शिकून राह्यली, तुले काहीतरी भेटन. मी कुठी जाऊ?"

ती खोटं बोलत नव्हती.

सोमवारी कॉलेजात सरांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, "मनाला लावून घेऊ नकोस. असं कर, यंदा स्नेहसंमेलनात तुमचा नाच बसव. सगळ्यांना बघायला मिळेल."

"नाही," मी म्हणाले. नाच येत नाही असं म्हटलं नाही. वेळ नाही असंही म्हटलं नाही. नुसतं नाही.

आत्याचं काम गेलं नाही. पुढच्या शनिवारी ती परत गेली. माझ्या जागी आमच्या शेजारची पोरगी बसली. मी तिच्या घरी गेले. तिला ऐकलेलं सगळं सांगितलं, शब्द न् शब्द. ती म्हणाली, "मंग मले दुसरं काम दे." माझ्याकडे काम नव्हतं. मी तशीच परत आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले.

अजून जाते. तिच्याकडे, तिच्या आईकडे, जिच्या घरी मॅडमचा निरोप आला असेल तिच्याकडे. कुणी दार लावून घेतं. कुणी म्हणतं, शिकली म्हणून माज आला. येऊ दे माज. आत्या माझ्याशी बोलत नाही. नाही तर नाही. त्या झोपडीत आमच्या गावची एकही बाई मी बसू देणार नाही. आत्याला उठवायला तिथे जावं लागलं तर जाईन, लोकांनी भरलेल्या अंगणात तिचा हात धरीन आणि तिला बाहेर आणीन.