राहिलेला हिरा

नवीन जालन्यात भुजंगरावांच्या घरी नातवंडं मोबाईलवर खेळायला बसली, की म्हातारा उठून अंगणात जातो. कोणी विचारलं तर डोळ्यांना त्रास होतो म्हणतो. डोळे ठणठणीत आहेत. त्रास वेगळाच आहे, आणि तो घरात दोघा-तिघांनाच माहीत आहे.

या माणसाला मागं काही राहिलेलं चालत नसे. ताटात शीत नाही, वाटीत वरणाचा थेंब नाही. बियाणं कंपनीच्या गोदामात पोतं फाटलं की बाकीचे झाडू शोधायला जायचे आणि भुजंगराव उकिडवे बसून दाणे वेचायला लागायचे. सोबतचा बद्रीनाथ म्हणायचा, "ऊठ भुजंग, कंपनी तुला हार घालनार न्हाई." भुजंगराव उठत नसत. कोपऱ्यातला शेवटचा दाणा हाताला लागला की मगच त्यांच्या जिवाला बरं वाटायचं.

खोड आईची होती. घनसावंगीजवळच्या त्यांच्या गावात कपाशी वेचण्यात चांगुणाबाईचा हात धरणारं कोणी नव्हतं. कमरेला ओटी बांधून ती ओळीत शिरली, की तिच्या मागं झाडावर पांढरा ठिपका दिसायचा नाही. लहानगा भुजंग घाईनं पुढं पळाला की ती त्याला ओळीच्या सुरुवातीला परत धाडायची. "ते बघ, तिथं बोंड राह्यलं. मागं ठिवून पुढं जायचं न्हाई." ऊन असो, पोटात भूक असो, पोरगं परत जायचं. हे बोलणं त्याच्या अंगात असं मुरलं की पुढं नोकरी लागली, लग्न झालं, तरी निघालं नाही.

अठ्ठ्याण्णव सालच्या दिवाळीत त्यांनी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला. आणला तो लेकीसाठी, पाचवीतल्या बेबीनंदासाठी. गिरिजाबाईंनी नाक मुरडलं, "पोरीचा अभ्यास बुडवा आता." पोरीचा अभ्यास काही बुडाला नाही. बुडाले ते भुजंगराव.

खेळ साधा होता. पिवळ्या सदऱ्याचा एक बुटका माणूस पळायचा, खड्ड्यांवरून उड्या मारायचा, साप-विंचू चुकवायचा आणि राजवाड्याच्या दारात पोचायचा. वाटेत जागोजाग लाल हिरे. काही समोर, काही भिंतीआड, काही अशा कपारीत की आपला बुटका मरतो का जगतो असं व्हावं. बेबीनंदाला उड्या आवडायच्या. हातात आले ते हिरे घ्यायची, राहिले ते सोडायची आणि हसत राजवाडा गाठायची. भुजंगरावांनी बटणं हातात घेतली की बुटका पुढं सरकेचना. एक हिरा राहिला की मागं. पुन्हा मागं.

"पप्पा, हिरे न घेताबी पुढं जाता येतंय," पोरगी कुरकुरायची.

"येतं. पर जायचं न्हाई."

बद्रीनाथच्या घरीही हाच खेळ होता. चहाच्या टपरीवर एकदा दोघांची चांगली जुंपली. "या खेळात खेळ कमी अन् वेचणी जास्त झाली," बद्रीनाथ म्हणाला. "उड्या मारा, दुश्मन चुकवा, मजा करा, इथपर्यंत बराबर हाय. ह्ये गोळा कर, त्ये गोळा कर, ह्ये कुणी घुसडलं? दिवसभर गोदामात तेच, घरी येऊन बी तेच?"

"वेचल्याबिगर नुसतं पळन्यात काय मजा?" भुजंगराव म्हणाले. "अर्धं टाकून पळायचं म्हंजी चोर झाला तो." चहा गार झाला तरी माणूस मागं हटला नाही. बद्रीनाथ बरोबर बोलत होता, हे त्यांना पुढं कळलं, आणि कळलं ते फार वाईट रीतीनं.

त्याच हिवाळ्यात चांगुणाबाई लेकाकडं राहायला आल्या होत्या. पलंगाच्या कडेला बसून त्या लेकाचा खेळ बराच वेळ बघत राहिल्या.

"ह्ये येचून घरी काय येतं रं, भुजंगा?"

"घरी काही न्हाई येत, आई. वर आकडा वाढतो."

"अन् समदं येचून झाल्यावर?"

"मंग पुन्हा पयल्यापासून."

म्हातारी तोंडाला पदर लावून हसली. "अन् मजुरी कोन देतं?"

भुजंगरावही हसले. पण नजर काही टीव्हीवरून हलली नाही. चार दिवसांनी म्हातारी गावी परतली.

त्या खेळाची एक वाईट खोड होती. खेळाचा डबा बंद केला की सगळी कमाई गेली, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणून जेवायला उठायचं तरी थांबवायचं बटण दाबून उठावं लागे. एका सुट्टीच्या दुपारी भुजंगराव शेवटच्या राजवाड्यापर्यंत पोचले होते. मागचं सगळं वेचून झालं होतं, एकच हिरा सापडत नव्हता. तेवढ्यात शेजारच्या दुर्गाबाईंकडं फोन आला. चांगुणाबाई शेतातच, ओटी बांधलेली असताना, ओळीत बसल्या त्या उठल्याच नाहीत.

भुजंगराव गावी निघायला उठले. टीव्ही बंद केला. खेळाचा डबा मात्र बंद केला नाही, थांबवायचं बटण दाबलं. तेव्हा मुद्दाम केलं नव्हतं, हात सवयीनं गेला होता. पण नंतर सगळ्यात जास्त लाज त्यांना त्या हाताचीच वाटली.

बेबीनंदाची परीक्षा चालू होती, तिला दुर्गाबाईंकडं ठेवून नवरा-बायको गावी गेले. संध्याकाळी अंत्यविधी झाला. दुसऱ्या दिवशी लेकीचा पेपर संपला की तिला आणायला भुजंगरावांनी जालन्याला जावं असं ठरलं. निघताना चुलत्यांनी, अप्पारावांनी बजावलं, "उद्या तिसरा. ऊन चढायच्या आत सावडायचं. पयली अस्थी थोरल्याच्याच हातानं उचलायची असती. पोरीला घिऊन जल्दी ये."

सावडायचं म्हणजे चितेच्या राखेतून अस्थी वेचून घ्यायच्या आणि राख गोदावरीत सोडायची. आईचं शेवटचं काम. तेही वेचण्याचं.

रात्री घरी आले तर डब्यावरचा लाल दिवा जळत होता. एरवी जालन्यातली लाईट दिवसातून कितीदा जायची, नेमकी या दोन दिवसांत गेली नव्हती. त्यांनी डब्यावर टॉवेल टाकला आणि झोपले. सुतकात खेळायचं नसतं एवढं त्यांना कळत होतं.

पहाटे अंघोळ झाली. पिशवी भरली. बेबीनंदा वेणी घालत होती. डबा आता बंद करून टाकू म्हणून त्यांनी टॉवेल काढला. बंद करायच्या आधी नुसतं बघावं म्हणून टीव्ही लावला. बुटका तिथंच उभा होता, एक पाय उचलून. पोरीची वेणी होईपर्यंत एकदा त्या खालच्या भिंतीआड बघून घेऊ, असं त्यांना वाटलं.

वेणी झाली. "पप्पा, जीप जाईल," पोरगी दारातून म्हणाली.

"निघालोच."

ती बाहेर दुर्गाबाईंच्या ओट्यावर जाऊन बसली. पुन्हा एकदा आत येऊन बोलावून गेली. भुजंगरावांना ते ऐकू आलं, नाही असं नाही. शेवटी एका खोट्या भिंतीमागं हिरा सापडला. टीव्हीवर क्षणभर चमचमाट झाला आणि बुटका पुन्हा पहिल्या ओळीत येऊन उभा राहिला. सगळे हिरे आपापल्या जागी परत आले होते. बाहेर ऊन पडलं होतं.

अंबड चौफुलीवर गावाकडच्या पहिल्या जिपा निघून गेल्या होत्या. नंतरची भरता भरेना. भुजंगराव ड्रायव्हरच्या हातापाया पडले, सगळ्या सीटांचे पैसे देतो म्हणाले, तेव्हा ती हलली.

गावाच्या मसणवट्यात पोचले तेव्हा जागा धुऊन झाली होती. धाकट्या भावाच्या, धर्मराजच्या हातात मडकं होतं, त्यावर पांढरं फडकं बांधलेलं. माणसं परतायच्या बेतात होती.

"लई वाट बघितली रं," अप्पाराव म्हणाले.

"जीप फेल झाल्ती, काका. मधीच." भुजंगरावांच्या तोंडून निघून गेलं.

म्हाताऱ्यानं पुढं होऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "आसू दे. गाडीला तू काय करनार? रडू नको." लोकही हळहळले. आईवर एवढा जीव असणाऱ्या लेकाच्या नशिबी हे यावं, असं कोणीतरी म्हणालं. ते ऐकून भुजंगरावांना जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

ते तसेच खाली बसले. अप्पारावही खांद्यावरचा हात न काढता शेजारी टेकले. ओल्या मातीत बोटं घालून चाचपू लागले. एखादा तुकडा, कणभर तरी. गोदामातला शेवटचा दाणा ते असाच काढायचे.

"दादा, तिथं काही न्हाई आता," धर्मराज हळूच म्हणाला. "आईनंच शिकवल्तं ना. म्या समदं येचलं."

भुजंगराव तरीही चाचपत राहिले. बापाची ती बोटं बघून बेबीनंदाला राहवलं नाही. ती त्यांच्याजवळ येऊन बसली, आणि त्यांना जरा बरं वाटावं म्हणून तिनं विचारलं,

"पप्पा, सकाळी तो राह्यलेला हिरा तरी सापडला का?"

परतायला निघालेली माणसं वळून बघू लागली. धर्मराजनं मडकं छातीशी धरलं. ज्यांच्या घरी टीव्ही होता त्यांना लगेच कळलं, ज्यांच्याकडं नव्हता त्यांना बाकीच्यांची तोंडं बघून कळलं.

"सापडला," भुजंगराव मातीकडं बघत म्हणाले.

अप्पारावांनी त्यांच्या खांद्यावरचा हात काढून घेतला.