आमचे ‘थांबा साहेब’

“थांबा साहेब, थांबा जरा! पोरीचं लिहून व्हायचं हाय अजून!” श्रावणभाऊ इंगळे भर वर्गात ओरडत होते, आणि ज्यांच्यावर ओरडत होते ते साहेब टेबलावरच्या रेडिओत होते. म्हणजे साहेब तिकडे नागपूरला, इकडे फक्त त्यांचा आवाज. शाळांसाठीच्या कार्यक्रमात ते नद्यांची नावं सांगत होते, मुलांनी ती पाटीवर लिहून घ्यायची होती, आणि नेमकी गोदावरीपाशी शेवटच्या रांगेतल्या एका पोरीची लेखणी मोडली. साहेब कशाला थांबतात? कृष्णा, कावेरी करत ते सरळ समुद्राला जाऊन मिळाले. श्रावणभाऊंचा पाठ तपासायला बसलेले निरीक्षक हसले, भिंतीला टेकून उभे असलेले आम्ही ट्रेनिंगचे विद्यार्थी हसलो, पोरं हसली, आणि सगळ्यांत शेवटी, कानापर्यंत लाल होऊन, श्रावणभाऊही हसले.

गेल्या महिन्यात वरवट बकालच्या बाजारात मी वांगी निवडत होतो. एक ओळखीचे मास्तर जवळ आले आणि म्हणाले, “सोनाळ्याचे तुमचे ते थांबा साहेब गेले म्हने.” मी म्हटलं, “कोण, इंगळे गुरुजी?” तर म्हणतात, “असतीन. आमी तं थांबा साहेबच म्हनो त्यायले.” ...हातातलं वांगं मी परत ढिगात ठेवलं. एखाद्यानं उभा जन्म पोरं शिकवावीत आणि तो गेल्यावर त्याचं खरं नाव विचारून घ्यावं लागावं, ही करामत माझी. त्या ओरडण्याची गोष्ट जिल्हाभर मीच हिंडवली. घाटाखालच्या एकाही गावाला मी ती चुकवली नाही, घाटावर साखरखेर्ड्यापर्यंत ती पोचवून आलो.

आमची ओळख बुलढाण्याला मास्तरांच्या ट्रेनिंगमध्ये झाली. महाराष्ट्र नुकताच झाला होता. आम्ही बाकीचे मिसरूड न फुटलेले, आणि आमच्यात हा चाळिशीचा माणूस, डोक्यावर टोपी, घरी लग्नाला आलेली पोरगी. बारा-चौदा वर्षं ट्रेनिंगवाचूनच शिकवत आलेले, आता वरून हुकूम आला की शिका नाहीतर घरी बसा. त्याच साली आमच्याकडे रेडिओ आला. मी सांगतो तेव्हा तो चार बैलांच्या गाडीतून येतो. खरं म्हणजे एका हमालाच्या डोक्यावरून आला. पण त्याची बॅटरी खरोखरच पाट्या-वरवंट्याइतकी जड होती. अंगणात दोन बांबू रोवून त्यांच्यामध्ये तार ताणायची, दुसरी तार जमिनीत पुरायची, मग बटण पिळत बसायचं, तेव्हा कुठं खरखरीतून माणूस बाहेर यायचा. श्रावणभाऊ त्याला हात लावण्याआधी चपला काढून ठेवत. हे मी रचलेलं नाही. आम्ही संध्याकाळी पत्ते कुटायला बसलो की ते रेडिओसमोर बसत, नागपूर सापडे, नागपूर हरपे, पुन्हा सापडे. मी एकदा म्हटलं, “काऊन एवढे मागं लागले त्याच्या, भाऊ? पाठ तं खडू-फळ्यावर बी पास होते.” बटणावरचा हात न काढता ते म्हणाले, “बापू, माह्या गावच्या पोरायनं आजवर माहाच आवाज आयकला. मले जे येत नाही, ते त्यायले बी येत नाही. दुसरा एखांदा मास्तर आयकू दे न त्यायले.”

पाठ पास झाला. निरीक्षकांनी हसता हसता पास केला. पण त्याच दिवशी जेवणाच्या पंगतीत मी उभा राहिलो आणि श्रावणभाऊंची नक्कल केली. पहिल्या दिवशी माझ्या नकलेत ते नुसते ओरडले होते. आठवड्यात ते रेडिओला खुर्ची द्यायला लागले. महिन्यानं त्यांनी साहेबांसाठी चहा मागवला, बशीत ओतून रेडिओसमोर धरला, आणि साहेब चहा न घेताच गेले म्हणून हेडमास्तरांकडे तक्रार नेली. लग्नात, शिक्षकांच्या सभेत, एस.टी.च्या रांगेत लोक म्हणत, बापू, थोडं थांबा साहेब होऊन जाऊ द्या. आणि मी काय, मागितल्यावर नाही म्हणणाऱ्यातला थोडाच... श्रावणभाऊंच्या समोरही मी ती सांगितली. डोळे पुसेपर्यंत ते हसत. डोळे पुसतात म्हणजे फारच आवडली, असा माझा हिशेब.

एकदाच, मला सोनाळ्याच्या थांब्यावर पोचवायला आले असताना, ते म्हणाले, “बापू, तुह्या गोष्टीत मी हाय, रेडिओ हाय, चहा बी हाय. ते लेखनी मोडलेली पोरगी कुठी गेली?” मी म्हटलं, “पोरगी आणली का लोक हसत नाहीत न, भाऊ.” “हाव, ते बी खरं,” श्रावणभाऊ म्हणाले, आणि गाडी वेळेवर येते का ते तिथल्या पानवाल्याला विचारायला गेले.

पुढे पंचायत समितीनं सोनाळ्याच्या शाळेला रेडिओ दिला. ज्याच्यासाठी चपला काढून बसत तसाच, अगदी दारात आलेला. श्रावणभाऊ म्हणाले, शाळेत नको, ग्रामपंचायतीत ठेवा, सगळ्या गावाले आयकू येईन. तोवर माझी गोष्ट त्यांच्या गावात कधीच पोचली होती. पोरं गल्लीत ‘थांबा साहेब’ खेळत, एक जण रेडिओ व्हायचा, एक जण इंगळे गुरुजी. हे मला ठाऊक होतं. मी काय केलं? गोष्टीला शेपूट जोडलं, की साहेब चहावरून रुसले म्हणून ग्रामपंचायतीत राहायला गेले. शेपूटही चांगलं चाललं.

तेरावं झाल्यावर मी सोनाळ्याला गेलो. वहिनींनी पाणी दिलं. मी नेहमीच्या जागी बसलो आणि सवयीनं पिशवी ठेवायला हात बाजूला नेला. ज्वारीच्या कोठीशेजारी तिथं कायम काहीतरी गोधडीखाली असे. शिवणयंत्र असेल म्हणून मी कधी विचारलं नाही. त्याच्यावर मी पिशवी ठेवी, कोपर टेकी, आणि त्याच जागेवरून हातवारे करत गोष्ट सांगे. या वेळी गोधडी घडी करून बाजूला ठेवलेली होती. खाली रेडिओ होता. जुना, कुणाकडून तरी घेतलेला, पण पुसून लख्ख. आवाजाच्या बटणावरचे आकडे बोटांनी पार पुसून गेलेले.

“हा कधी घेतला?” मी विचारलं.

“झाले बरेच वर्सं,” वहिनी सुपातली डाळ निवडत म्हणाल्या. “संध्याकाळी मुलायचा कार्यक्रम लागे, आळीतले पोरंपोरी येत. ह्यायचं आपलं एकच. जरा बोलू देत, मंग बटन पिळून आवाज बंद करत, साऱ्यायच्या पाट्या पाहात, मंग पुन्हा लावत. मधातलं जे सुटन ते सोता सांगत.”

म्हणजे त्यांनी साहेबांना थांबवलं होतं. रोज... मी त्या गुळगुळीत बटणावर बोट ठेवलं. जिल्ह्यातल्या नंबर एकच्या बोलघेवड्यानं विचारलं ते एवढंच, “वहिनी, मी इतक्या वेळा आलो, संध्याकाळी मुक्कामाला राहिलो. मला कसा कधी ऐकू आला नाही?”

वहिनींनी डाळीतला एक खडा उचलून बाजूला टाकला.

“तुमी येनार असले का झाकून ठेवत, भाऊजी.”